आडनावाचा रकाना



शाळेत प्रवेश घेताना किंवा दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना तुमच्यापुढे एक कागद येतो. त्यावर रकाने असतात. आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव. काही मुले हे सगळे पटापट लिहून मोकळी होतात. तुमच्यापैकी काहींचे पेन मात्र पहिल्याच रकान्यावर थांबते. वडिलांचे नाव 'अब्दुल रहमान' एवढेच आहे. आजोबांच्या नावापुढे 'शेख' लागत असे. काकांच्या दारावरच्या पाटीवर तर गावाचे नाव आहे. मग आडनाव म्हणून लिहायचे तरी काय?

हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. या रकान्यात आज लिहिलेला शब्द पुढे तुमच्या प्रमाणपत्रावर येतो. तोच शब्द नोकरीच्या अर्जावर आणि पासपोर्टवर येतो. म्हणून आपले नाव आणि आडनाव कसे तयार झाले, हे आपल्याला ठाऊक हवे. त्यासाठी फार लांब जायला नको. गिरगावपासून दादरपर्यंत घरांवरच्या आणि दुकानांवरच्या पाट्या नीट वाचल्या, तरी पुष्कळ कळते.

गाव सांगणारी आडनावे

आधी लालबाग-परळच्या एखाद्या जुन्या चाळीत जाऊ. तेथे दारांवर पाट्या दिसतात : राजापूरकर, चिपळूणकर, देवरुखकर, वेंगुर्लेकर. प्रत्येक आडनावात एक गाव आहे. राजापूर, चिपळूण, देवरुख, वेंगुर्ले ही सारी कोकणातील गावे. गावाच्या नावाला 'कर' जोडले की 'त्या गावचा' असा अर्थ होतो.

कोकणातील ही गावे लालबागच्या चाळीत कशी आली? त्याचे कारण कापड गिरण्या. १८५६ साली ताडदेव येथे मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांची रांगच उभी राहिली. त्यांत काम करण्यासाठी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारो माणसे आली. उत्तर प्रदेशातून मुसलमान विणकर आले आणि मदनपुऱ्यात राहिले. १९८२ च्या मोठ्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आता त्यांच्या जागी उंच इमारती आहेत. गिरणीचा भोंगा गेला, पण पाटीवरचे गाव राहिले.

आता एक गंमत पाहा. तुम्ही उर्दू शायरांची नावे रोज वाचता : साहिर लुधियानवी, मजरूह सुलतानपुरी, शकील बदायुनी. लुधियाना, सुलतानपूर, बदायूँ ही गावांचीच नावे. गावाच्या नावाला शेवटी 'ई' जोडली की 'तेथला' असा अर्थ होतो. याला तुम्ही उर्दूत 'निस्बत' म्हणता. म्हणजे मराठीतला 'कर' आणि उर्दूतली 'ई' एकच काम करतात. चिपळूणचा तो चिपळूणकर, लुधियान्याचा तो लुधियानवी.

याची दोन सुंदर उदाहरणे मुंबईतच आहेत. गायक-नट दीनानाथ यांनी गोव्यातील मंगेशी या आपल्या गावावरून 'मंगेशकर' हे आडनाव घेतले. त्यांच्या मुलीने, लता मंगेशकर यांनी, ते जगभर पोहोचवले. शायर कैफी आझमी यांचे मूळ नाव अतहर हुसैन रिझवी. ते आझमगढ जिल्ह्यातले, म्हणून 'आझमी'. त्यांनी मुंबईत मदनपुऱ्यातील कामगारांमध्ये काम केले. त्यांची मुलगी, अभिनेत्री शबाना, हिनेही 'आझमी' हेच आडनाव लावले. दोन्ही घरांत वडिलांनी गावाचे नाव घेतले आणि मुलींनी ते पुढे नेले.

शाळेच्या रजिस्टरातील एक नाव

गावावरून पडलेले एक आडनाव तर साऱ्या भारताला माहीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ होते. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. त्या गावाचे नाव आंबडवे. शाळेत घातल्यावर सकपाळऐवजी गावावरून आडनाव लागले आणि त्याचे रूप 'आंबेडकर' असे झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तेथील रजिस्टरात त्यांचे नाव 'भिवा रामजी आंबेडकर' असे आहे. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो.

पुढे हा विद्यार्थी मुंबईत आला. परळच्या बी. आय. टी. चाळीत तो सुमारे वीस वर्षे राहिला. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्याने 'राजगृह' हे घर बांधले. ग्रंथांसाठी मुद्दाम जागा ठेवून बांधलेले ते घर आजही उभे आहे. १९५६ साली दादरच्या समुद्रकिनारी, जेथे आज चैत्यभूमी आहे, तेथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुष्कळ आडनावे ऐकताच माणसाची जात सांगत असत. गावावरून पडलेले आडनाव तसे सहज सांगत नाही. एका गावात सगळ्या जातींचे आणि धर्मांचे लोक राहतात आणि मुंबईत आल्यावर त्यांतले कोणीही त्या गावाचे नाव लावू शकते. म्हणून 'चिपळूणकर' हिंदू असू शकतो, बौद्ध असू शकतो, मुसलमानही असू शकतो.

काम सांगणारी आडनावे

आता दादरला उतरू. प्लाझा सिनेमाजवळ 'वीर कोतवाल उद्यान' आहे. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात भूमिगत राहून लढलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांचे हे स्मारक. 'कोतवाल' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दू कथांत शहराचा कोतवाल नेहमी भेटतो. हा शब्द मुळात 'कोट' म्हणजे किल्ला सांभाळणारा या अर्थाचा, आपल्याच देशातला. तो फारसीत गेला, दरबारात वावरला आणि मराठी घरांत आडनाव होऊन बसला.

जुन्या काळी दख्खनमध्ये सुलतानांचे राज्य होते. त्यांच्या दरबाराची भाषा फारसी होती. पुढे मराठ्यांचे राज्य आले, तरी कचेरीतील कितीतरी शब्द तेच राहिले. कामाचे नाव हुद्दा झाले, हुद्दा पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात राहिला आणि शेवटी तेच आडनाव झाले.

ही आडनावे तुमच्यासाठी फार सोपी आहेत. कारण त्यांची किल्ली तुमच्या उर्दूत आहे. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठीत त्याचे 'नीस' झाले.

फर्द म्हणजे यादी, कागद. तो लिहिणारा फर्दनवीस, म्हणजे फडणवीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस. फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस. जमेचा हिशोब लिहिणारा जमेनीस. कारखान्याचा हिशोब ठेवणारा कारखानीस. घडलेल्या गोष्टींची, म्हणजे वाकयांची, नोंद करणारा वाकनीस.

'दार' म्हणजे बाळगणारा. इनाम मिळालेला इनामदार, जहागीर असलेला जहागीरदार, गडाची राखण करणारा किल्लेदार. ज्याच्या हवाली काही दिले तो हवालदार.

मराठी माणूस ही आडनावे रोज उच्चारतो, पण त्यांतला अर्थ त्याला अनेकदा ठाऊक नसतो. तो अर्थ तुम्ही त्याला सांगू शकता!

याच्या उलटही झाले आहे. पाटील म्हणजे गावाचा प्रमुख. देशमुख म्हणजे परगण्याचा, म्हणजे अनेक गावांच्या समूहाचा प्रमुख. दळवी म्हणजे दळाचा, सैन्याचा नायक. खोत म्हणजे कोकणात गावाचा सारा गोळा करणारा. हे हुद्दे हिंदू घराण्यांकडे होते, तसे मुसलमान घराण्यांकडेही होते. म्हणून आजही कितीतरी मुसलमान घरांची आडनावे देशमुख, पाटील, दळवी, खोत अशी आहेत. मराठी लेखक हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे होते. १९८२ साली भारताकडून कसोटी सामना खेळलेले गुलाम परकार हेही कोकणातलेच. कोणी तुम्हांला विचारले, 'तुम्ही मुसलमान, मग आडनाव मराठी कसे?' तर शांतपणे सांगा, 'आम्ही याच गावचे, म्हणून.'

धंद्यावरूनही आडनावे पडतात. सुतार, लोहार, सोनार, कुंभार ही नावे तुम्ही ऐकली आहेत. त्याच ओळीत अत्तार, बागवान, मणियार, तांबोळी, पिंजारी आणि शिकलगार येतात. अत्तार सुगंधी द्रव्ये विकतो. बागवान फळे-भाजी विकतो. मणियार बांगड्या भरतो. तांबोळी विड्याची पाने विकतो. पिंजारी कापूस पिंजतो आणि शिकलगार हत्यारांना धार लावतो. फारसीतील थोर कवी फरीदुद्दीन अत्तार यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. आपल्या बाजारातील अत्तारांचे आणि त्यांचे नाव एकच आहे. उमर खय्याम यांच्या नावातील 'खय्याम' म्हणजे तंबू शिवणारा. इंग्लंडमध्ये फार मोठ्या संख्येने आढळणारे 'स्मिथ' हे आडनावही लोहाराचेच. जग मोठे आहे, पण नावे ठेवण्याची माणसाची रीत सगळीकडे सारखीच.

पारशी लोकांनी तर या रीतीत मुंबईची भर घातली. परळला वाडिया रुग्णालय आहे. 'वाडिया' म्हणजे जहाजे बांधणारा. १७३६ साली लवजी वाडिया सुरतेहून मुंबईला जहाजे बांधण्यासाठी आले. पुढे इंग्रजी धंद्यांची नावेही पारशी घरांत शिरली. दादरमध्ये वाढलेले प्रसिद्ध यष्टिरक्षक फारूख इंजिनियर यांचे आडनाव ऐका. कोणी कॉन्ट्रॅक्टर झाले, कोणी बाटलीवाला. सर कावसजी जहांगीर यांच्या घराण्याला तर 'रेडीमनी' म्हणत, म्हणजे रोख पैसे तयार असणारे!

बापाचे नाव, मुलाचे आडनाव

आता गिरगावात जाऊ. तेथे नाना चौक आहे. हे नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. १८०३ ते १८६५ हा त्यांचा काळ. मुंबईत शाळा काढणे, रेल्वे आणणे, ग्रंथालये उभारणे अशा अनेक कामांत ते पुढे होते. 'शंकरशेट' हे त्यांचे आडनाव असावे, असे वाटते. पण ते त्यांच्या वडिलांचे नाव आहे. घराण्याचे आडनाव मुरकुटे. त्या काळी स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव सांगितले की ओळख पुरी होत असे. पुढे इंग्रजी राजवटीत शाळा, कचेऱ्या आणि दाखले वाढले. मग प्रत्येकाला आडनावाची गरज पडू लागली.

गिरगावातच खोताची वाडी आहे. हे नाव दादोबा वामन खोत यांच्यावरून पडले. वाडीत लाकडी जिने आणि सज्जे असलेली जुनी घरे आहेत. त्यांतील अनेक घरे ख्रिस्ती कुटुंबांची. पोर्तुगीजांच्या काळात त्यांच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याबरोबर पोर्तुगीज आडनावेही आली. 'फर्नांडिस' म्हणजे फर्नांडोचा मुलगा. 'रॉड्रिग्ज' म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. अरबीत 'इब्न' किंवा 'बिन' म्हणतात ते हेच. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता यांच्या नावातील 'इब्न' आठवा.

स्वतःचे नाव

आडनाव घराण्याचे असते, पण पहिले नाव आईवडिलांच्या इच्छेचे असते. पूर्वी मुले लहानपणीच दगावत. मग एखाद्या घरात मूल जगावे म्हणून त्याचे नाव मुद्दाम दगडू, धोंडू किंवा केरबा असे ठेवत. दगडाला, केराला कोण नजर लावणार? उत्तरेकडे 'घसीटा' हे नाव याच भीतीतून ठेवत. हे नाव ऐकून हसू येते. पण त्यामागे एका आईची काळजी आहे, हे कळले की हसू मावळते.

कधी नाव श्रद्धेतून येते. मालोजी भोसले यांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) पीर शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेने ती ठेवली, असे परंपरेने सांगतात. त्या शहाजीराजांचे पुत्र म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज.

कधी माणूस आपले नाव स्वतःच घडवतो. बार्शीच्या एका गरीब घरात १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो शाहीर झाला. 'अमर शेख' या नावाने त्याने गिरणगावातील कामगारांपुढे पोवाडे गाइले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याच्या आवाजाने मैदाने भरून जात. 'अमर' शब्द संस्कृत, 'शेख' शब्द अरबी. दोन्ही मिळून एक मराठी शाहीर झाला.

आता तुमच्या घरातील नावांकडे वळू. 'अब्द' म्हणजे बंदा, सेवक. 'अब्दुल रहमान' म्हणजे रहमानचा बंदा. 'रामदास', 'हरिदास' ही मराठी नावे अगदी याच घडणीची आहेत. म्हणून 'अब्दुल रहमान' हे एकच नाव आहे. पण अर्ज भरणारा कारकून कधी 'अब्दुल' हे नाव आणि 'रहमान' हे आडनाव असे दोन तुकडे करतो. 'अब्दुल' एवढेच राहिले, तर 'अमक्याचा बंदा' असा अर्धा अर्थ उरतो.

आपले नाव आपण जपावे

येथेच आपण पुन्हा त्या रकान्यापाशी येतो. एकच आडनाव उर्दूत एका तऱ्हेने लिहिले जाते, मराठीत 'सिद्दिकी' किंवा 'सिद्दीकी' असे लिहिले जाते आणि इंग्रजीत त्याची आणखी तीन-चार रूपे होतात. जन्मदाखल्यावर एक, शाळेत दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे असे झाले, तर पुढे मोठा त्रास होतो. तीन कागदांवरची तीन नावे एकाच माणसाची आहेत, हे पटवून देता देता त्या माणसाची दमछाक होते. शाळा सोडल्यानंतर शाळेच्या नोंदीत दुरुस्ती करणे फार अवघड जाते. मोठेपणी नाव बदलायचे झाले, तर ते शासनाच्या राजपत्रात छापावे लागते. त्यासाठी लोक गिरगावजवळ चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेपा घालत. आता हा अर्ज संगणकावरून करता येतो. पण तुमच्यासाठी सर्वांत सोपा उपाय हा, की आजच सारे कागद समोर ठेवून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. चूक असेल, तर वर्गशिक्षकांना लगेच सांगावे.

आणखी एक रकाना विसरू नका. तो आईच्या नावाचा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदांवर असे लिहितात : आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. आईचे नाव मोठे करण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील उंच मनोऱ्याला 'राजाबाई टॉवर' म्हणतात. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने पैसे दिले, पण नाव स्वतःचे न देता आईचे दिले.

आणि शेवटी एक सांगायचे आहे. नाव वाचता येणे ही चांगली गोष्ट आहे. नावावरून माणसाची किंमत करणे ही वाईट गोष्ट आहे. आडनाव आपल्याला एवढेच सांगते, की या माणसाचे पूर्वज कोठून आले आणि काय काम करत होते. तो स्वतः कसा आहे, हे आडनाव सांगत नाही. सगळेच अत्तार आज अत्तर विकत नाहीत आणि सगळे फडणवीस याद्या लिहीत बसत नाहीत. नुसते आडनाव ऐकून कोणी कोणाला खोली नाकारतो, कोणी कोणाला बाकावर शेजारी बसू देत नाही. असे करणारा माणूस पाटी वाचतो, पण दार उघडून आत पाहत नाही.

आज घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसा. आपले गाव कोणते, मुंबईत प्रथम कोण आले, ते काय काम करत, हे त्यांना विचारा. ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. मग अर्जातील तो रकाना भरताना तुमचे पेन थांबणार नाही.

स्वाध्याय

१. 'कर' आणि 'ई' यांच्यातील साम्य दोन-दोन उदाहरणे देऊन सांगा.

२. फडणवीस, पारसनीस आणि इनामदार ही आडनावे कशी तयार झाली?

३. 'अब्दुल रहमान' या नावाचे दोन तुकडे का करू नयेत?

४. 'पाटी वाचतो, पण दार उघडून आत पाहत नाही' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

५. तुमच्या इमारतीतील किंवा गल्लीतील दहा आडनावे लिहा. गाव, काम आणि वडिलांचे नाव अशा तीन गटांत ती मांडा. जी कोणत्याच गटात बसत नाहीत, त्यांचा अर्थ त्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा.